नागपूरच्या पोरीची रॉमकॉम लिहायची असेल तर हिरोईनला आधी स्वतःची किंमत असू द्या

कॉलेजातली पोरंपोरी माझ्याकडे स्क्रिप्ट वाचायला पाठवत असतात, शॉर्ट फिल्म, एकांकिका, कधी वेब सिरीजचा पहिला भाग, आणि त्यात रॉमकॉम, म्हणजे रोमँटिक कॉमेडी, सगळ्यात जास्त कारण दोन कलाकार, एक अ‍ॅक्टिव्हा आणि फुटाळा तलावाचा काठ एवढ्यात काम भागतं. जवळपास सगळ्यांनाच हिरोईन स्ट्राँग पाहिजे असते. मग होतं काय की पहिल्या सीनमध्ये ती कोणाच्या तरी कानाखाली देते, मधे पूर्ण सिनेमाभर हिरो काय करतो ते बघत राहते, आणि शेवटी बायकांच्या हक्कावर एक मोठं भाषण देते. भाषणातली वाक्यं खरी असतात पण ती पोरगी खरी वाटत नाही, कारण तोपर्यंत तिनं स्वतःहून काहीच ठरवलेलं नसतं.

मला एवढंच म्हणायचं आहे की हिरोईनची किंमत तिच्या निर्णयातून दिसली पाहिजे, आणि त्या निर्णयापायी तिचं काही तरी गेलं पाहिजे, पैसा, माणूस, आईबापाची मर्जी, काहीही. आणि ते जात असताना सिनेमा तिच्या बाजूनं उभा पाहिजे. हे लिहायचं कसं ते सांगते, एकच उदाहरण धरून चालू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

समजा आपली हिरोईन स्वाती. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, सकाळी सहाला घरून निघते आणि लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे सॅम्पल घेते. हिरो निखिल, घरचं साड्यांचं दुकान इतवारीत, राहायला प्रतापनगरला, घरी आईवडील आणि आजी.

आधी तिचं काम नीट माहीत करून घ्या

बहुतेक स्क्रिप्टमध्ये हिरोईन "जॉब करते" एवढंच असतं. कुठं, काय, किती वाजता, कोणाच्या हाताखाली, काही नाही. ऑफिसचा एक टेबल दाखवला की झालं. इथंच अर्धी किंमत जाते कारण माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं ते बरंचसं त्याच्या हातातल्या कामातून येतं, आणि रॉमकॉमला तर कामातून फुकटात कॉमेडी पण मिळते.

स्वातीचंच बघा. शुगरची तपासणी दोनदा असते, एक फास्टिंग म्हणजे सकाळी उपाशीपोटी आणि दुसरी जेवणानंतर दोन तासांनी, तिला सगळे पीपी म्हणतात. म्हणजे ज्या घरी ती सात वाजता जाते त्याच घरी तिला सव्वानऊ-साडेनऊला परत जावं लागतं. तुम्हाला दुसऱ्या भेटीसाठी धक्का लागून पुस्तकं पडायची गरजच नाही, पीपीनं ती भेट घडवून दिली, आणि ती येते ते स्वतःच्या कामासाठी येते. आजीची शुगर आहे, निखिल दार उघडतो, त्याला सुई बघितली की चक्कर येते, आणि आई म्हणते की आलीच आहे पोरगी तर तुझंही रक्त देऊन टाक. तो सोफ्यावर आडवा, स्वाती शांतपणे त्याचे पाय उशीवर वर करते आणि दुसऱ्या हातानं आजीच्या ट्यूबवर नाव लिहिते. करड्या झाकणाची ट्यूब शुगरची, जांभळ्या झाकणाची सीबीसीची म्हणजे रक्तपेशी मोजायची, हे तिला झोपेतही माहीत आहे, आणि प्रेक्षकाला कळतं की ही पोरगी तिच्या कामात पक्की आहे. कोणी भाषण दिलं नाही तरी कळतं.

आजीचा सीन तर लिहायला मजाच येते:

"चाय घेतली ना जी तुमी?"
"बिनसाखरेची घेतली व माय."
"अन् बिस्कीट?"
"ते कुठी साखर असते त्यात."
"आजी, आता उद्या येतो मी. उद्या मी आल्याशिवाय तोंडात पाण्याशिवाय काई नाई."

इथं आजी लबाडी करते आणि स्वाती पकडते. हसू येतं, आणि येतं ते स्वातीच्या हुशारीमुळं.

ही युक्ती मोठ्या सिनेमांनी वापरलेली आहे. २००१ चा लीगली ब्लॉन्ड आठवा, एल वुड्सला हार्वर्डमध्ये सगळे गुलाबी कपड्यातली बाहुली समजतात, पण खुनाच्या केसमधली साक्ष ती मोडते ती केसांच्या पर्मच्या माहितीवर, पर्म केल्यावर चोवीस तास केस ओले करायचे नसतात हे तिला माहीत असतं आणि कोर्टातल्या बाकी कोणाला नाही. ज्या गोष्टीवरून तिला हसले त्याच गोष्टीनं ती जिंकली, तिला दुसऱ्या कोणासारखं व्हावं लागलं नाही. २०१४ च्या क्वीनमध्ये पण राणी मिठाईवाल्याची मुलगी असते आणि अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन ती गोलगप्पे विकते. घरून जे घेऊन आली तेच तिथं कामी आलं. तुमच्या हिरोईनला कथेतली मुख्य गाठ तिच्याच हातातल्या कसबानं सोडवू द्या, कराटे शिकवून नाही.

म्हणून पहिली गोष्ट, जे काम हिरोईनला दिलं आहे ते करणाऱ्या एका बाईला भेटा. नाश्ता करत बसा तिच्यासोबत, तर्री पोहे मागवा आणि विचारा की दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती, लोकं काय बोलतात, पगार वेळेवर होतो का, बाथरूमला कुठं जाते. शेवटचा प्रश्न हटकून विचारा. दिवसभर दारोदार फिरणाऱ्या बाईसाठी तो फार मोठा प्रश्न आहे आणि आपल्या सिनेमात तो कधीच येत नाही. स्वातीला एखाद्या घरी बाथरूम वापरू दिलं नाही आणि दुसऱ्या घरी न मागता दाखवलं, ह्या दोन सीनमध्ये तुमचा पूर्ण समाज येऊन जातो.

हसू कोणावर येतं ते तपासा

कॉमेडी आहे म्हणजे कोणावर तरी हसणार, ठीक आहे. पण स्क्रिप्ट घेऊन बसा आणि प्रत्येक विनोदापुढं लिहा की इथं हसू कोणावर आलं. हिरोईनची जाडी, तिचा रंग, तिचं इंग्रजी, ती रस्त्यात धडपडते, तिला स्वयंपाक येत नाही, तिची मैत्रीण चष्मेवाली आहे... हे सगळं एका बाजूला जमा व्हायला लागलं की समजा तुमचा सिनेमा तिच्यावर हसतोय, आणि मग शेवटी तिला कितीही सन्मान द्या, प्रेक्षकाला दोन तास तुम्हीच शिकवलं आहे की ही हसायची वस्तू आहे.

२०१५ च्या दम लगा के हैशामध्ये संध्या जाड आहे, नवरा तिला मनातून स्वीकारत नाही, पण सिनेमा तिच्या जाडीवर हसत नाही. ती बी.एड. झालेली, तिला स्वतःची अक्कल माहीत आहे, आणि नवरा मित्रांसमोर तिच्याबद्दल घाण बोलला तेव्हा ती तिथंच त्याच्या थोबाडीत देते आणि सासर सोडते. लक्षात घ्या ती आधी महिनाभर रडत बसली, मग कोणी समजावलं, मग हिंमत आली, असं काही नाही. हिंमत तिच्याजवळ होतीच. मला तो सीन फार मोठा वाटतो. एक कानाखाली मी वर नावडती म्हणून सांगितली आणि ही मला आवडते, कारण ह्या एकीमागं अपमान आहे, आणि तिच्यापुढं कोर्ट, घटस्फोटाचा अर्ज, माहेरचे टोमणे सगळं उभं आहे हे तिला कळतं आणि तरी ती देते.

मेकओव्हरचा सीन तर काढूनच टाका. चष्मा काढला, केस सोडले, साडी नेसली आणि हिरोला एकदम दिसली, १९९८ च्या कुछ कुछ होता हैपासून आपण हे बघत आलो, अंजली बास्केटबॉल खेळते तोपर्यंत दोस्त आणि साडीत आली की प्रेम. आपल्याकडे तर ह्याचा एक लोकल प्रकार पण आहे. नागपूरच्या उन्हात सगळ्या पोट्ट्या गाडीवर स्कार्फ बांधून असतात, डोळे सोडून काही दिसत नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सिग्नलला ती स्कार्फ सोडते आणि स्लो मोशन. नका करू. उलट करून बघा, निखिल तिला स्कार्फमध्येच ओळखायला लागला, आवाजावरून, ती गाडी स्टँडला लावताना जी लाथ मारते त्यावरून, सॅम्पलच्या निळ्या डब्यावरून. चेहरा त्याच्या आधीच लक्षात आलेल्या माणसाचा आहे, मग तो दिसला काय आणि नाही काय.

आणि बायकांना विनोद करू द्या. नागपूरच्या बायका किती बेमालूम टोमणे मारतात हे सांगायला पाहिजे का. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी अन् पिवळी, गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळे ओरडत असतात की इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषांच्या पुतळ्यांवर, लोकांच्या तक्रारी लिहिलेल्या असतात. त्या दिवशी स्वातीची आई आणि मावशी गच्चीवर उभ्या आहेत, खालून मिरवणूक चालली आहे, आणि दोघी ओरडताहेत, "पोरीले काळी म्हणणाऱ्यायले घेऊन जा गे मारबत! हुंडा मांगणाऱ्यायले घेऊन जा गे मारबत!" आणि बाजूच्या गच्चीवर नेमकी ती बाई उभी आहे जिनं मागच्या रविवारी स्थळ आणलं होतं. असा सीन दिल्लीत होऊच शकत नाही, तो आपलाच आहे आणि तो अजून कोणी लिहिला नाही म्हणून तुम्ही लिहा.

नाही म्हणायचा सीन

हा सगळ्यात कठीण, आणि इथंच चांगल्या स्क्रिप्ट पण घसरतात म्हणून जरा थांबून सांगते.

पहिलं म्हणजे तिचं नाही हे नाहीच राहू द्या. हिरोनं मागं लागून, गेटसमोर उभं राहून, मैत्रिणीकडून नंबर घेऊन, शेवटी तिला हो म्हणायला लावणं हे आपण इतकी वर्षं गोड गाण्यांसोबत दाखवलं की पोरांना ते प्रेमच वाटतं. बाईचा पाठलाग करणं हा २०१३ पासून आपल्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. तुमच्या हिरोनं असं काही केलं असेल तर सिनेमानं ते चूक म्हणून दाखवलं पाहिजे, नुसतं सॉरी म्हणून पुढच्या गाण्यात जाता येत नाही. २०१७ चा बद्रीनाथ की दुल्हनिया मला इथंच खटकतो. त्यात वैदेही लग्नाच्या मांडवातून निघून जाते, सिंगापूरला एअर होस्टेस होते, इतकं धाडस त्या पोरीचं, आणि हिरो तिला शोधत येऊन गाडीच्या डिक्कीत कोंबतो. नंतर तो सुधारतो हे खरं. पण ती डिक्की इतक्या लवकर माफ झाली की वैदेहीनं जे केलं त्याचं वजनच कमी झालं.

दुसरं म्हणजे विचारण्याची जागा. सगळ्यांना फुटाळ्यावर, मेट्रो स्टेशनवर, गॅदरिंगच्या स्टेजवर गुडघ्यावर बसून विचारायचं असतं, आजूबाजूचे लोक मोबाईल काढून शूट करताहेत. त्या पोरीला नाही म्हणायचं असेल तर ती कशी म्हणेल? शंभर अनोळखी लोक तोंडाकडे बघून राह्यले आणि हो म्हण हो म्हण चाललंय. प्रेम करणारा माणूस तिला नाही म्हणणं सोपं जाईल अशा जागी विचारतो, हे एवढं एक हिरोला कळलेलं दाखवलं तरी तुमचा सिनेमा वेगळा होईल. निखिलनं तिला सीताबर्डीच्या स्टेशनवर विचारू द्या, जिथं ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही लाईन भेटतात, पण गर्दीसमोर नको. दोघं जिन्याच्या कोपऱ्यात, त्याला खापरीकडे जायचं आहे, तिला लोकमान्य नगरकडे, तो म्हणतो, "आत्ता सांगू नको. तुझी गाडी आली की जा. सांगावंसं वाटलं त सांग, नाई त नको." आणि ती खरंच जाते. काहीच न बोलता. प्रेक्षक तडफडतो आणि रॉमकॉमला तेच पाहिजे असतं.

तिसरं, तिच्या नाहीला काही तरी किंमत लागली पाहिजे. निखिल चांगला आहे, आजीचा स्वातीवर जीव आहे, घर बरं आहे, आणि मग बघायचा कार्यक्रम होतो. निखिलची आई अगदी प्रेमानं म्हणते, "लग्नानंतर मात्र हे घरोघरी फिरणं नको व बाई, दुकानात बसशील, आपलंच आहे." निखिल गप्प. तो वाईट नाही, घाबरतो फक्त. स्वातीनं इथं काय करायचं?

भाषण नको. माझा सल्ला असा की तिला एकच प्रश्न विचारू द्या, तोही निखिलला, आईला नाही. "तुले काय वाटते?" आणि तो म्हणतो, "आई म्हणते त बरोबरच असंन." संपलं. ती पोह्याची प्लेट खाली ठेवते, आजीच्या पाया पडते, औषध वेळेवर घ्या म्हणते आणि निघते. ह्यात ती एक चांगला माणूस गमावून चालली आहे हे प्रेक्षकाला दुखलं पाहिजे, हिरो राक्षस असेल तर सोडणं सोपंच असतं, त्यात तिची काय किंमत दिसणार. घरी गेल्यावर तिची आई खूश नाही, अजिबात नाही, दोन दिवस बोलत नाही, कारण असं स्थळ परत येत नाही. हे सगळं दाखवा. पुढच्या सकाळी सहाला ती स्कार्फ बांधून निघते तेव्हा तिचे डोळे सुजलेले आहेत, पण ती निघते.

घर, आडनाव, पैसा

आपल्या रॉमकॉममध्ये कोणालाच आडनाव नसतं. हिरोईन नुसती स्वाती, हिरो नुसता निखिल. खऱ्या नागपुरात पहिल्या पाच मिनिटात आडनाव विचारतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. तुम्ही स्वातीला उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्यातलं बौद्ध घर दिलं तर मग तिचा स्वाभिमान एकटीचा राहत नाही, त्याच्या मागं मोठी परंपरा येते, आणि ती परंपरा ह्याच शहरातली आहे. जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये नागपूरलाच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब आंबेडकर तिथं बायकांशी बोलले, म्हणाले की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि त्या परिषदेनं बायकोला घटस्फोटाचा हक्क पाहिजे, बहुपत्नीत्व बंद झालं पाहिजे असे ठराव केले. १९४२ मध्ये! हिंदू विवाह कायदा यायला अजून तेरा वर्षं होती.

मग स्वातीची पणजी त्या परिषदेला गेली होती असं ठेवा. घरी त्याबद्दल कोणी मोठंसं बोलत नाही, पण आई रागावून अबोला धरून बसली असते तेव्हा स्वातीची आजी येऊन आईला म्हणते, "माही माय बेचाळीस साली त्या सभेत बसून आली, अन् तू पोरीनं नाई म्हटलं म्हणून जेवली नाई?" एवढंच. आई उठून पोळ्या टाकायला घेते. तुम्हाला क्वीनसारखं पॅरिसला जायची गरज नाही, हिरोईनला बळ कुठून आलं हे दाखवायला उत्तर नागपुरातलं घर पुरेसं आहे. फक्त हे करताना एक काळजी घ्या, पणजीचा फोटो, बॅकग्राउंडला म्युझिक, असं करून त्या इतिहासाला शोभेची वस्तू करू नका. आणि निखिलच्या आईच्या त्या गोड वाक्यात जात पण लपलेली आहे का, हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलं असलं पाहिजे. ठरवलं असेल तर एका जागी ते दिसू द्या, उदाहरणार्थ स्वातीला दिलेला कप वेगळा आहे आणि ती ते बघते.

पैशाचं थोडक्यात. तिचा पगार, तिचं खातं, तिची बचत स्क्रिप्टमध्ये आकड्यानं लिहा, पडद्यावर नाही आला तरी चालेल. स्वातीला मानेवाड्याला स्वतःचं छोटं कलेक्शन सेंटर टाकायचं आहे. नाही तर तिला बेसा रोडकडे वन बीएचके घ्यायचा आहे, बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, आणि हा हिशोब ती मैत्रिणीसोबत एसटीत बसून करते, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून दोघी वर्ध्याला लग्नाला चालल्या आहेत. बघा हा सीन किती कामाचा आहे, दोन बायका बोलताहेत आणि पोराबद्दल बोलत नाहीत. अ‍ॅलिसन बेक्डेल नावाच्या अमेरिकन चित्रकर्तीनं १९८५ मध्ये तिच्या कॉमिकमध्ये ही कसोटी सांगितली, सिनेमात किमान दोन बायका पाहिजेत, त्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत आणि पुरुष सोडून कशाबद्दल तरी बोलल्या पाहिजेत. ऐकायला सोपी वाटते, तुमची स्क्रिप्ट लावून बघा, बहुतेक रॉमकॉम तिथंच अडकतात. मैत्रीण ही हिरोची तारीफ ऐकायला ठेवलेली नसते, तिला पण ड्युटी असते, सासू असते, स्वतःचं मत असतं.

हिरोचं काय करायचं

हिरोला मूर्ख करू नका. हिरोईन मोठी दिसावी म्हणून हिरोला येडा दाखवतात, पण मग प्रेक्षक म्हणतो की एवढी हुशार पोरगी ह्याच्यात काय बघून राह्यली, आणि परत तिचीच किंमत कमी होते. निखिलला साडीची पारख आहे, बोट लावून सूत सांगतो, दुकानात आलेल्या बाईला तिच्या बजेटची लाज वाटू देत नाही. त्यात त्याचा चांगुलपणा दिसतो आणि स्वाती त्याच्यात काय बघते ते कळतं.

त्याची चूक एकच, तो गप्प बसला. म्हणून त्याचा बदल पण बोलण्यातूनच झाला पाहिजे, आणि महत्त्वाचं म्हणजे स्वाती समोर नसताना. आईशी तो बोलतो, दुकानात, गिऱ्हाईक नसताना, अडखळत. स्वातीला हे कधी कळतच नाही असं ठेवलं तरी चालेल. तिला दाखवायला म्हणून केलेली माफी वेगळी, आणि पटलं म्हणून केलेली वेगळी, प्रेक्षकाला फरक बरोबर कळतो. आणि जाता जाता त्याला रक्त पण देऊ द्या, डागा हॉस्पिटलजवळ कुठं तरी रक्तदान शिबिर आहे, तो डोळे मिटून झोपला आहे आणि नर्स म्हणते, "झालं जी, उठा." अजून एक हसू मिळालं.

शेवट

दोघं एकत्र आले पाहिजेत का? रॉमकॉम आहे, आले तर मला आवडेलच, मी काही लग्नाच्या विरोधात नाही. क्वीनमध्ये राणी परत येऊन अंगठी परत करते, थँक्यू म्हणते आणि चालायला लागते, आणि त्या सिनेमाला तोच शेवट शोभतो कारण होणाऱ्या नवऱ्यानं, विजयनं, तिला नाकारलं तेव्हा तिला माहीतच नव्हतं की ती कोण आहे, आता माहीत झालं. २०१० च्या मुंबई-पुणे-मुंबईमध्ये पोरगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते आणि दिवसभर बोलता बोलता तिचं मत बदलतं. तिथं एकत्र येणं पटतं, कारण मत तिनं स्वतः, दिवसभर भांडून, विचार करून बदललं. आणि कमी पैशात सिनेमा करणाऱ्यांनी तो परत परत बघावा, जवळपास सगळा दोन माणसांच्या गप्पांवर उभा आहे. उलट १९९५ च्या दिलवाले दुल्हनियाची गाणी मला अजून पाठ आहेत, पण शेवटी बापानं हात सोडला म्हणून सिमरन धावते. ती काय ठरवते हा प्रश्नच सिनेमा विचारत नाही.

तर स्वातीच्या शेवटाला दोन गोष्टी बघा. एक, कलेक्शन सेंटर तिच्या पैशानं आणि तिच्या कर्जानं उघडलेलं पाहिजे, निखिलनं सरप्राईज म्हणून दुकान घेऊन दिलं आणि डोळ्यावरची पट्टी सोडली असं चालणार नाही. रिबन त्याच्या हातून नको. आजी कापेल, उपाशीपोटी. दोन, परत येण्याची हालचाल तिच्याकडून झाली तर जास्त बरं. सीताबर्डीला त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकीच आहे ना? ते उत्तर ती कधी, कुठं आणि काय देते हे तिच्या हातात ठेवा. आणि हो म्हणताना तिच्या अटी तिनं आधी सांगितलेल्या असू द्या, सकाळी सहाची ड्युटी राहणार, सेंटर तिच्या नावावर राहणार, कप एकच राहणार.

स्क्रिप्ट झाली की शूटिंगची घाई करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पार जातो, कॅमेरा पण तापतो आणि कलाकार पण, त्यामुळं बाहेरचे सीन डिसेंबर-जानेवारीतच धरा, मेट्रोत शूट करायला परवानगी लागते त्याचा अर्ज आधी टाका. आणि त्या मधल्या काळात स्क्रिप्ट मोठ्यानं वाचून घ्या, कोणाच्या तरी गच्चीवर, संध्याकाळी. ऐकायला तुमच्या नाटकाच्या ग्रुपमधली पोरं नकोत. लॅबमध्ये काम करणारी एखादी, एखादी शिक्षिका, घटस्फोट घेतलेली कोणी, नुकतंच लग्न ठरलेली कोणी, आणि एक सासू पण पाहिजे. वाचताना त्यांच्या तोंडाकडे बघायला एकाला बसवा आणि त्यानं फक्त लिहायचं की कोणत्या पानावर हसल्या, कोणत्या पानावर एकमेकींकडे बघितलं, कुठं मोबाईल हातात घेतला. वाचून झाल्यावर आवडली का असं विचारू नका, आवडली म्हणतीलच. विचारा की तुम्ही असत्या तर पोह्याची प्लेट खाली ठेवून निघाल्या असत्या का. त्यावर त्यांच्यात वाद सुरू झाला की तुम्ही मधे बोलू नका, फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा, आणि रात्री घरी बसून आधी तो बघायच्या कार्यक्रमाचा सीन परत लिहा, गाण्यांचं नंतर बघू.